साठ, सत्तेचाळीस, अठरा

आकड्यांच्या यादीचं कसलं रसग्रहण, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. अमेरिकन लीगच्या १९२७च्या बेसबॉल मोसमात सर्वाधिक होमरन मारणारे पहिले तिघे असे: बेब रूथ ६०, लू गेरिग ४७, टोनी लाझेरी १८. तिघेही न्यूयॉर्क यँकीजचे. होमरन म्हणजे आपला षटकारच समजा. फक्त मारल्यावर चारही तळांना फेरी घालून यायचं.

लोणारच्या धारेवर उभं राहिलं की उल्का दिसत नाही, १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा दिसतो. आघात केवढा होता ते त्या खड्ड्यावरूनच ओळखायचं. ही यादीही तशीच वाचावी. ४७ च्या खाली थेट १८! दुसऱ्या आणि तिसऱ्यात २९ चं अंतर. बाकीचे कच्चे होते असं मुळीच नाही, हे दोघे वेगळंच काहीतरी खेळत होते. फिलाडेल्फियाच्या अख्ख्या संघाचे मिळून त्या मोसमात ५६ होमरन; रूथचे एकट्याचे ६०.

घरच्या मैदानाची उजवी बाजू आखूड, म्हणून डावखुऱ्या रूथचं फावलं, अशी कुरकुर असते. पण साठांपैकी ३२ परक्या मैदानांवरचे आहेत. त्यातही सप्टेंबर बघा: एका महिन्यात १७. शेवटचा ३० सप्टेंबरचा. वॉशिंग्टनशी सामना, आठवा डाव, २-२ अशी बरोबरी, गोलंदाज टॉम झॅकरी. चेंडू उजवीकडच्या प्रेक्षकांत गेला आणि १९२१चा ५९ चा विक्रम मोडला. तोही रूथचाच होता.

तरी माझा जीव गुंततो तो ४७ मध्ये. गेरिग तेव्हा अवघा चोवीस वर्षांचा. ऑगस्टमध्ये काही काळ तो रूथच्या पुढेही होता. फलंदाजीला तो रूथच्या पाठोपाठ यायचा. रूथला मुद्दाम बाहेरचे चेंडू टाकून फुकटचा पहिला तळ देऊन टाकावा, तर पुढचा गेरिग! गोलंदाजाची दोन्हीकडून कोंडी. म्हणजे रूथच्या साठांत गेरिगचाही वाटा आहे, तो यादीत छापलेला नसतो एवढंच. मोसमातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरव झाला तो गेरिगचा. अर्थात एकदा तो मान मिळालेल्याला पुन्हा द्यायचा नाही असा तेव्हा नियम होता, आणि रूथला तो १९२३ मध्येच मिळाला होता.

अशी जुगलबंदी आपल्याकडेही झाली, तीही १९२७च्या आदल्याच वर्षी. मुंबईच्या जिमखाना मैदानावर एमसीसीच्या गाय अर्लने १३० धावा करताना ८ षटकार ठोकले. दुसऱ्या दिवशी, १ डिसेंबर १९२६ रोजी, हिंदू संघाकडून उत्तर आलं: १५३ धावा, ११ षटकार, तेही दोन तासांच्या आत. मारणारा आपल्या विदर्भाचा, नागपुरात जन्मलेला सी. के. नायडू. रूथ आणि नायडू दोघेही १८९५ सालचे.

रूथचा विक्रम १९६१ मध्ये रॉजर मॅरिसने ६१ मारून मोडला, १५४ ऐवजी १६२ सामन्यांच्या मोसमात. त्या वर्षी दुसरा होता मिकी मँटल, ५४ वर. यँकीजचाच.