कळवळा आणि स्पर्श : ख्रिस्ती ईश्वरकल्पनेविषयी काही विचार

ईश्वर प्रेमस्वरूप आहे, हे विधान ख्रिस्ती प्रवचनांतून इतक्या वेळा कानांवर येते की त्याचा अर्थ नाण्यावरच्या छाप्यासारखा झिजून गेला आहे. या प्रेमाचे नेमके स्वरूप काय, ते कोणावर आहे, आणि ते माणसाच्या सामाजिक अवस्थेत काही फरक घडवून आणते की नाही, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. ते येथे विचारायचे आहेत.

प्रथम माझी भूमिका स्पष्ट करतो. मी बौद्ध आहे. ईश्वर मानीत नाही. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपुरात जो मार्ग दाखवला त्याने माझा आणि ईश्वराचा हिशेब मिटला आहे. तरीही हा विषय मला परका वाटत नाही. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला ठाणे दिले आणि पुढच्या काही दशकांत त्या भागातले महार आणि मांग मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले. ती माणसे आपल्याच वस्तीतली, आपल्याच नात्यागोत्यातली. त्यांनी ज्या ईश्वरापुढे गुडघे टेकले त्याच्या भावनेची तपासणी करण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे मी समजतो.

मराठी बायबलात एक फार चांगला शब्द आहे : कळवळा. लोकांचे थवे पाहून येशूला त्यांचा कळवळा येतो. वाटेत मार खाऊन पडलेल्याला पाहून शोमरोन्याला कळवळा येतो. घरी परतणारा उधळ्या मुलगा दुरूनच दिसतो, तेव्हा बापाला कळवळा येतो. मूळ ग्रीक क्रियापद 'स्प्लांख्निझोमाइ' हे आहे. 'स्प्लांख्ना' म्हणजे आतडी. नव्या करारात हे क्रियापद बारा वेळा येते आणि ते सर्व बारा वेळा मत्तय, मार्क आणि लूक या तीन शुभवर्तमानांतच येते. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे आतडे तुटते, पोटात कालवते, आणि जवळच्या माणसाला आपण आतड्याचा माणूस म्हणतो. जुन्या करारातला हिब्रू शब्द तर याहून पुढचा आहे. करुणेसाठी तिथे 'रहमीम' हा शब्द येतो आणि त्याचे नाते 'रेहेम', म्हणजे गर्भाशय, या शब्दाशी आहे. मुसलमान बांधवांचा 'रहीम' त्याच धातूतला. तेव्हा या परंपरेतली ईश्वराची करुणा ही मुळात तत्त्वचर्चेची गोष्ट नाही. ती शरीराची, पोटाची, कुशीची गोष्ट आहे. गुलामांचा आक्रोश ऐकून मिसर देशात उतरणारा, आणि हट्टी लेकराला टाकून देताना ज्याचे मन आतल्या आत उलटते तो होशेयाच्या ग्रंथातला ईश्वर याच जातीचा आहे.

मग हे आतडे गेले कुठे? ग्रीक तत्त्वज्ञांना विकार हा दोष वाटे. जो हलतो तो अपूर्ण, म्हणून ईश्वर अचल आणि निर्विकार असला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. चर्चच्या आचार्यांनी तो बऱ्याच अंशी उचलला. इंग्लंडच्या चर्चची एकोणचाळीस कलमे आहेत. त्यांतले पहिलेच कलम सांगते की ईश्वराला शरीर नाही, अवयव नाहीत आणि विकारही नाहीत. ज्याला रडू येत नाही तो मालक, हे आपल्या अनुभवाचे गणित आहे. या निर्विकार ईश्वराला विसाव्या शतकात धक्के बसले. जपानी विचारवंत काझोह किटामोरी यांनी १९४६ मध्ये ईश्वराच्या वेदनेवर ग्रंथ लिहिला. जर्मन युर्गेन मोल्टमान यांचा क्रुसावर खिळलेल्या ईश्वराविषयीचा ग्रंथ १९७२ चा. दोघांमागे महायुद्धाची राखरांगोळी होती.

महाराष्ट्रात मात्र ख्रिस्ती ईश्वराला भावना परत मिळाली ती या ग्रंथांच्या कितीतरी आधी, आणि ती भक्तिमार्गाने. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली होऊन येतो. काव्य म्हणून ते थोर आहे, यात शंका नाही. परंतु त्या पुलाखाली चोखोबा उभे आहेत, हे मला विसरता येत नाही. वारकरी कथेत विठ्ठल चोख्याबरोबर ढोरे ओढतो, सोयराबाईचे बाळंतपण करायला येतो. एवढी माया! आणि चोखोबांची समाधी मात्र पंढरपूरच्या देवळाच्या पायरीशी. अस्पृश्यांना त्या देवळाचे दार उघडावे म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले. देवाला पाझर फुटत होता, पण दाराची कडी निघत नव्हती. म्हणून मी म्हणतो की ईश्वराच्या भावनेची कसोटी त्याच्या अश्रूंवर घेऊ नये, पायरीवर घ्यावी.

या कसोटीवर मार्कच्या पहिल्या अध्यायातला कुष्ठरोग्याचा प्रसंग वाचून पाहावा. लेवीय ग्रंथाच्या नियमाप्रमाणे कुष्ठरोग्याने फाटकी वस्त्रे घालायची, आपण अशुद्ध आहोत अशी स्वतःच आरोळी द्यायची आणि वस्तीबाहेर एकटे राहायचे. गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू ज्यांच्या स्मृतीत आहे त्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. असा माणूस येशूपुढे येतो. येशूला कळवळा येतो आणि तो हात पुढे करून त्याला शिवतो. नुसत्या शब्दानेही त्याने कुष्ठ घालवले असते. इतरत्र त्याने तसे केले आहे. येथे आधी स्पर्श आहे, शुद्धी नंतर. आधी शुद्ध हो मग शिवतो, हा क्रम त्याने उलटा केला.

याहून महत्त्वाची एक गोष्ट पाठभेदांत दडलेली आहे. केंब्रिजला असलेल्या 'बेझी' या जुन्या हस्तलिखितात आणि काही जुन्या लॅटिन प्रतींत या ठिकाणी कळवळा आला असे नसून राग आला असे आहे. बहुसंख्य प्रतींत कळवळाच आहे. पण मत्तय आणि लूक हाच प्रसंग सांगताना दोन्ही शब्द गाळतात. मूळ शब्द कळवळा असता तर तो गाळण्याचे कारण काय, असा प्रश्न काही अभ्यासकांनी विचारला आहे, आणि २०११ च्या एका प्रसिद्ध इंग्रजी भाषांतराने राग हाच पाठ स्वीकारला. कोणता पाठ मूळचा हे ठरवण्याइतके माझे ग्रीक नाही. पण ज्याच्या पाठीवर व्यवस्थेचे वळ आहेत त्याला हे दोन पाठ परस्परविरोधी वाटणार नाहीत. ज्या कळवळ्यात राग नाही त्याला आपल्याकडे दया म्हणतात. आणि दया नेहमी वरून खाली येते, उष्ट्या भाकरीसारखी.

प्रसंगाचा शेवटही पाहण्यासारखा आहे. बरा झालेला माणूस गावभर बोभाटा करतो आणि त्यामुळे येशूलाच उघडपणे गावात शिरता येत नाही; तो बाहेर ओसाड जागी राहतो. म्हणजे गावकुसाबाहेरचा आत गेला आणि त्याला शिवणारा बाहेर आला. विठ्ठलाच्या कथेत असे घडत नाही. ढोरे ओढून देव पुन्हा गाभाऱ्यातच जातो.

पण ग्रंथात हे असले तरी मिशनने ते दलितांपर्यंत पोहोचवले काय? बाबासाहेबांनी धर्मांतरित अस्पृश्यांवर लिहिलेले प्रकरण इंग्रजी समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचा आक्षेप मर्मावर बोट ठेवणारा आहे. अस्पृश्याला हिंदू असताना सांगितले गेले की तुझी दुर्दशा तुझ्या कर्माचे फळ आहे. ख्रिस्ती झाल्यावर सांगितले गेले की ती पूर्वजाच्या पापाचे फळ आहे. दोन्हीकडे समाजव्यवस्था निर्दोष सुटली. शाळा आणि दवाखाने निघाले, त्यांचे ऋण मी नाकारीत नाही. पण त्या कळवळ्यातला राग वाटेतच गळाला.

हा राग पुन्हा शोधण्याचा प्रयत्न अरविंद निर्मळ यांनी केला. १९८१ मध्ये बंगलोरच्या धर्मविद्यालयात त्यांनी दिलेल्या व्याख्यानापासून दलित ख्रिस्ती धर्मविचाराची सुरुवात मानली जाते. दलिताची वेदना ही कृतीच्या आधीची, ज्ञान देणारी गोष्ट आहे, आणि हा विचार दलितांनीच मांडला पाहिजे, ही त्यांची मांडणी मला मान्य आहे. मात्र ईश्वर हा सेवक आहे, झाडणाऱ्या-पुसणाऱ्या दलितांचे काम हेच त्याचे काम आहे, असे ते म्हणतात तेथे माझे पाऊल अडखळते. शूद्राचा धर्म सेवा, हे मनूने आम्हाला पुरेसे शिकवले आहे. सेवक ईश्वराची कथा चर्चमधल्या सवर्णांना सांगितली तर ती सुरुंग आहे. तीच दलितांना सांगितली तर झाडूला देव्हाऱ्यात बसवल्यासारखे होईल. निर्मळांचा रोख पहिल्या अर्थाकडे होता असे मी धरतो. त्यांच्या वाचकांनी तो तिथेच राखला पाहिजे.

कारण भिंती अजून उभ्या आहेत. तमिळनाडूत काही दफनभूमींत दलित ख्रिस्ती आणि सवर्ण ख्रिस्ती यांच्या कबरी वेगळ्या राहिल्या. चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते, ही कबुली भारतातल्या कॅथलिक बिशपांनी २०१६ मध्ये आपल्या धोरणपत्रात दिली. तिकडे राज्यसंस्थेने १९५० च्या आदेशाने दलित ख्रिस्त्याला अनुसूचित जातीच्या यादीबाहेर ठेवले. शीख १९५६ मध्ये आत आले, आम्ही बौद्ध १९९० मध्ये. तो अद्याप दाराबाहेरच आहे, आणि आपल्या चळवळीतही त्याच्यासाठी फारसा आवाज उठत नाही. हे मी आपल्या लोकांना उद्देशून लिहीत आहे.

ख्रिस्ती मित्रांना माझे सांगणे एवढेच आहे की मार्कचा तो उतारा चाळिसाव्या वचनापासून पंचेचाळिसाव्यापर्यंत पुरा वाचावा. मी ऐकलेली प्रवचने बेचाळिसाव्या वचनाशी, कुष्ठ गेले आणि तो शुद्ध झाला तिथे, थांबतात.