‘पेटीसारखे जहाज’ : नौस्थिरतेच्या एका पाठ्यपुस्तकाची चिकित्सा

व्यापारी जहाजावरील डेक अधिकाऱ्याच्या पात्रता परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती बहुधा दोन इंग्रजी पुस्तके येतात : कॅप्टन डी. आर. डेरेट यांचे ‘शिप स्टॅबिलिटी फॉर मास्टर्स अँड मेट्स’ (१९६४) आणि डी. जे. आयर्स यांचे ‘शिप कन्स्ट्रक्शन’ (१९७२). प्रस्तुत लेखात मुख्यतः डेरेट यांच्या ग्रंथाचा विचार करावयाचा आहे. व्यावसायिक पाठ्यपुस्तकांची समीक्षा आपल्याकडे सहसा होत नाही. पुस्तक अभ्यासक्रमाला धरून आहे की नाही, एवढेच पाहिले जाते. परंतु पाठ्यपुस्तकालाही स्वतःची दृष्टी असते आणि ती तपासावयास हवी.

ग्रंथाचे गुण निर्विवाद आहेत. लहान प्रकरणे, स्वच्छ आकृत्या, सोडवून दाखविलेली उदाहरणे आणि त्यानंतर स्वाध्याय, अशी त्याची शिस्त आहे. गणितात कच्चा असलेला विद्यार्थीही या वाटेने गुरुत्वमध्य आणि मेटासेंटर यांतील अंतर, म्हणजेच ‘जीएम’, काढावयास शिकतो. पुढे डॉ. सी. बी. बॅरस यांनी सुधारलेल्या आवृत्त्यांत नवे विषय आले. मूळची शिस्त मात्र कायम राहिली.

अडचण या शिस्तीतच आहे. या ग्रंथातील कित्येक उदाहरणांचा नायक म्हणजे ‘बॉक्स-शेप्ड व्हेसल’, पेटीसारखे जहाज. त्याला नाळ नाही, दार नाही, माणसे नाहीत. शिकविण्याच्या सोयीसाठी ही पेटी आवश्यक आहे, हे मान्य. प्रश्न असा, की विद्यार्थी पेटीतून बाहेर केव्हा येतो?

अर्धवट भरलेल्या टाकीतील मोकळ्या पृष्ठभागाचे उदाहरण घेऊ. १०,००० टन विस्थापनाच्या जहाजात २० मीटर लांब व १६ मीटर रुंद आयताकृती टाकीत समुद्राचे पाणी अर्धवट भरले आहे. जहाज थोडे कलले तरी पाणी खालच्या बाजूला धावते, आणि परिणामी ‘जीएम’ सुमारे ०.७० मीटरने घटल्यासारखी होते. हीच टाकी मधोमध लांबीच्या दिशेने एक भिंत घालून दुभागली, तर घट सुमारे ०.१७ मीटरवर येते, कारण सूत्रात रुंदीचा घन आहे. पाण्याची खोली या सूत्रात येतच नाही. ही गोष्ट आश्चर्याची आहे आणि भयाचीही. पुस्तकात हे सारे सिद्ध केलेले आहे. पण सिद्धतेपाठोपाठ स्वाध्याय येतो आणि आश्चर्याला उसंत मिळत नाही. शिवाय ती मधली भिंत ‘रचना’ या विषयात मोडते, म्हणून ती दुसऱ्या पुस्तकात, दुसऱ्या तासाला भेटते. स्थिरता आणि रचना यांची ही फारकत मला सर्वांत घातक वाटते.

६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधील झीब्रुग बंदरातून डोव्हरकडे निघालेली ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरी पुढची दारे उघडी राहिल्याने काही मिनिटांतच कलंडली. १९३ माणसे गेली. वाहने चढावीत-उतरावीत म्हणून तिचा वाहनांचा डेक आडभिंतींवाचून सलग ठेवलेला होता. त्यावर शिरलेले पाणी म्हणजे वरच्या उदाहरणातील टाकीच, फक्त जहाजाच्या पूर्ण रुंदीची. येथे रचना कोणती आणि स्थिरता कोणती, हे वेगळे करता येत नाही.

आपल्या किनाऱ्यावरचे उदाहरण अधिक जवळचे आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक प्रवासी बुडाले. लाटांच्या माऱ्यात घाबरलेले प्रवासी एका अंगाला धावले, असे तिच्याविषयी सांगितले जाते. ‘डेकवरील अमुक टन वजन तमुक मीटर आडवे सरकविले, तर जहाज किती अंशांनी कलेल?’ हा परीक्षेतील नेहमीचा प्रश्न. वजन म्हणजे तेथे एखादी पेटी असते. ते वजन स्वतःच्या पायांनी, भीतीपोटी, एकाच वेळी सरकू शकते, हे उत्तरपत्रिकेत कोठे लिहावयाचे?

किमान ‘जीएम’ ०.१५ मीटर हवी, ३० अंशांपर्यंत ‘जीझेड’ वक्राखालील क्षेत्रफळ ०.०५५ मीटर-रेडियनपेक्षा कमी नसावे, हे आंतरराष्ट्रीय निकषही विद्यार्थी पाढ्यासारखे पाठ करतो. अशा आकड्यांमागची विचारपद्धती बुडालेल्या जहाजांच्या अभ्यासातून आली. फिनलंडच्या याक्को राहोला यांनी १९३९ च्या प्रबंधात उलटलेल्या जहाजांची स्थिरता तपासून किमान मर्यादा सुचविल्या होत्या. निकषांचा हा इतिहास सांगितला, तर ते पाठ करावे लागणार नाहीत.

यावर एक आक्षेप रास्त आहे. विद्यार्थी दोन सफरींच्या मधल्या रजेत अभ्यास करतो; त्याला उत्तीर्ण व्हावयाचे असते आणि डेरेट त्याला उत्तीर्ण करतात. १९६४ साली हा युक्तिवाद पुरेसा होता, कारण जहाजावर आकडेमोड अधिकाऱ्यालाच करावी लागे. आता मोठ्या जहाजांवर ती बव्हंशी भारणीचा संगणक करतो. अधिकाऱ्याकडे उरते ते संगणकाने दाखविलेल्या ‘जीएम’कडे पाहून संशय घेण्याचे काम : ही टाकी खरोखर भरलेली आहे की अर्धवट, ते दार खरोखर बंद आहे का, आणि जहाजाचे डोलणे कालपेक्षा आज संथ का झाले आहे.