किशोरीताईंचा राग

आयर्लंडची गायिका शिनेड ओ'कॉनर २६ जुलै २०२३ रोजी लंडन येथे निवर्तली, तेव्हा ज्या जगाने एके काळी तिची हेटाळणी केली होती, त्याच जगाने तिच्यासाठी अश्रू ढाळले. ३ ऑक्टोबर १९९२ रोजी अमेरिकेतील एका लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात तिने पोपचे छायाचित्र सर्वांसमक्ष फाडले होते. धर्मसंस्थेच्या छत्राखाली बालकांवर होणाऱ्या अत्याचारांचा तो निषेध होता. तेरा दिवसांनी न्यूयॉर्कच्या एका मोठ्या सभागृहात ती गाण्यास उभी राहिली, तेव्हा तिची हुर्यो उडवण्यात आली. पुढे २००९ साली आयर्लंडमधील चौकशी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि २०१० साली खुद्द पोपना आयरिश जनतेस खेदाचे पत्र लिहावे लागले. फिर्याद खरी ठरली. परंतु फिर्यादी बाईस मधल्या काळात 'चक्रम' यापलीकडे पदवी मिळाली नव्हती.

तिच्यावरील मृत्युलेख वाचताना आम्हांस आपल्या घरच्या एका गायिकेची आठवण झाली. किशोरी आमोणकर ३ एप्रिल २०१७ रोजी मुंबईत गेल्या. त्यांच्यावरही भरभरून लिहिले गेले आणि बहुतेक लेखांत 'मनस्वी', 'लहरी', 'तापट' ही विशेषणे ठरल्यासारखी आली. त्यांच्या रागाचे किस्से तर मैफलीतील चिजांपेक्षा अधिक आवडीने सांगितले गेले. मैफल चालू असता एका उद्योगपतीच्या पत्नीने पान मागवले, म्हणून ताईंनी गाणे थांबवल्याची हकीकत प्रसिद्धच आहे. किस्सा सांगून लोक हसतात आणि 'थोरांची लहर' म्हणून विषय संपवतात. आमचे म्हणणे असे, की ती लहर नव्हती, ती तक्रार होती. आणि तिचा निकाल अजून लागावयाचा आहे.

ओ'कॉनर आणि किशोरीताई यांना एका मापाने मोजण्याचा आमचा हेतू नाही. एकीने बालकांवरील अपराधांविषयी आवाज उठवला. दुसरीचा आग्रह श्रोत्यांच्या वर्तनाविषयी होता. दुसरी गोष्ट पहिलीपुढे क्षुल्लक भासेल. तथापि त्या आग्रहामागे काय उभे होते, हे गोमंतकीय वाचकांस तरी सांगावयास नको. ताईंच्या मातोश्री मोगूबाई सांगे तालुक्यातील कुर्डी गावच्या, १९०४ साली जन्मलेल्या. साळावली धरणाच्या पाण्याखाली पुढे ते गावही गेले. ज्या कलावंत समाजात त्या जन्मल्या, तेथील स्त्रीचे गाणे लोकांस हवे असे, परंतु त्या स्त्रीस बरोबरीची जागा देण्यास कोणी तयार नसे. अल्लादियाखाँसाहेबांची तालीम मिळालेली ही थोर गायिका मैफलींसाठी आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाने प्रवास करी, कोणाच्या तरी घरी उतरे आणि मिळेल ती बिदागी घेऊन परते. तंबोऱ्यावर साथीस बसणारी मुलगी हे सारे पाहत होती. आपल्या माईला मिळालेल्या वागणुकीची आठवण ताईंनी पुढे मुलाखतींतून बोलून दाखवली आहे. पान मागणाऱ्या बाईंना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु पान मागण्याच्या त्या सहजपणातच जुन्या बैठकीतील यजमान बसलेला होता.

हा यजमान आम्हां बडोदेकरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. आम्ही सयाजीगंजात राहतो; ज्या महाराजांचे नाव या वस्तीस आहे, त्यांच्या दरबारात गवय्यांसाठी 'कलावंत कारखाना' नावाचे खातेच होते. पगार, हजेरी, रजा, सारे नियमाने चाले. फैयाजखाँसाहेबांसारखा गवई त्या दरबारचा नोकर होता. याच शहरात १९१६ साली भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. गायकवाडांनी संगीतावर मनापासून खर्च केला, हे निर्विवाद आहे. परंतु धनी नोकराच्या वर्तनाचे नियम करतो. धन्याने कसे बसावे, याचे नियम नोकर करीत नाही. १९४९ साली संस्थान विलीन झाले, दरबार संपला, आणि यजमानाच्या जागी संगीतमंडळे व तिकीट काढणारे श्रोते आले. आमच्या शहराचे नाव लावणाऱ्या हिराबाई बडोदेकर या तिकीट लावून मैफली करण्याची वाट पाडणाऱ्या स्त्रियांपैकी होत. त्यांनी गायिकेला दिवाणखान्यातून सभागृहात नेले. सभागृह मिळाले, तरी श्रोत्याच्या वर्तनाचे कलम कोरेच राहिले होते. ते किशोरीताईंनी आपल्या आचरणाने लिहिले.

वकिलाच्या नजरेने पाहता ते कलम अगदी साधे आहे. तंबोरे मनासारखे लागल्याशिवाय गाणे सुरू होणार नाही. गाणे चालू असता खाणे, बोलणे, ये-जा होणार नाही. गाणारी व्यक्ती ही या करारातील बरोबरीची पक्षकार आहे आणि अटी मोडल्यास तिला उठून जाण्याचा अधिकार आहे. यात अवाजवी काय आहे? न्यायाधीशासमोर आम्ही याहून कडक शिस्त निमूटपणे पाळतो.

हीच वृत्ती त्यांच्या गाण्यातही दिसते. म्हणून गाणे थोर आणि स्वभाव वाईट, अशी वाटणी आम्हांस मान्य नाही. जयपूर घराण्याची पेचदार, लयीशी बांधलेली गायकी त्यांनी माईकडून घेतली, अंजनीबाई मालपेकरांकडेही त्या शिकल्या, आणि पुढे घराणे ही कल्पनाच त्यांनी नाकारली. आलापाला त्यांनी अधिक अवकाश दिला, मींड आणि श्रुती यांतून भाव शोधला. जाणत्यांनी नाके मुरडली तरी मागे हटल्या नाहीत. 'स्वरार्थरमणी' या ग्रंथात त्यांनी आपली रसविषयक भूमिका मांडली. त्यांचा भूप ऐकताना एकेका स्वराभोवती जी शांतता जाणवते, ती त्या गाण्याचा भाग आहे. श्रोत्यांकडून त्या जी शांतता मागत, ती हीच. आपल्या मोठेपणासाठी मागितलेली शांतता निराळी आणि स्वरासाठी मागितलेली निराळी.

मात्र प्रतिपक्षाचे म्हणणेही नोंदवले पाहिजे. ताईंच्या रागाची शिक्षा पुष्कळदा निरपराध्यास झाली. मागच्या रांगेत तासन्‌तास वाट पाहणाऱ्या श्रोत्याने पान मागितले नव्हते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उठून जाणे ताईंना परवडत होते, कारण त्या किशोरी आमोणकर होत्या. केवळ बलवंतालाच बजावता येतो, तो हक्क नव्हे. ती सवलत होय.

याविषयी आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही एका संगीतमंडळाच्या कार्यकारिणीवर होतो. गोव्याहून एक तरुण गायिका आली होती. प्रमुख पाहुण्यांस उशीर झाला, म्हणून ती तंबोरे लावून सव्वा तास आत बसून राहिली. मग दोन भाषणे झाली आणि तिला चाळीस मिनिटांत आटोपण्यास सांगण्यात आले. तिकिटे कमी खपली, या सबबीवर पाकिटातील रक्कमही ठरल्याहून कमी होती. तिने पाकीट न उघडता नमस्कार केला आणि रात्रीच्या गाडीने परत गेली. दिवसभर लोकांचे करारनामे लिहिणाऱ्या आम्ही तिच्याशी एक ओळही लेखी केली नव्हती. आणि त्याच सुमारास आमच्या बैठकीत किशोरीताईंचे किस्से चवीने सांगितले जात होते!

त्या मुलीला उठून जाता आले नाही, यात तिचा दोष नव्हता. तिच्या वतीने कोणी उठले नाही, हा आमचा दोष होता. ताईंच्या निषेधाचा वारसा त्यांच्यासारखा राग धरण्यात नाही. नवख्या कलावंतालाही राग धरावा लागू नये, असा रिवाज पाडण्यात आहे. ठरलेल्या वेळी पडदा उघडावा, बिदागी आगाऊ आणि लेखी ठरावी, भाषणे गाण्यानंतर व्हावीत. या तीन गोष्टी कोणत्याही मंडळास येत्या मैफलीपासून करता येतील. त्या होईपर्यंत ताईंच्या तसबिरीस हार घालणे आम्हांस थोडे लाजिरवाणेच वाटते.