दीडपट म्हणजे नेमके किती?

डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, हे १९५९ साली उघड झाले. 'प्रती दीडपट, म्हणून प्रथिनेही दीडपट', असे नाशिकच्या शिक्षकांना आम्हीही सांगत आलो. हे गणित अपुरे आहे.

अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत म्युरिएल डेव्हिसन यांनी 'टीएस६५डीएन' हा उंदीर तयार केला. त्याच्यात सोळाव्या गुणसूत्राचा, आपल्या एकविसाव्याशी जुळणारा तुकडा जादा आहे. त्याच्या मेंदूत या जनुकांचा आरएनए सरासरीने दीडपट भरतो. पण काहींचा कमी, काहींचा जास्त. कारण जनुके एकमेकांवर नियंत्रण ठेवतात. म्हणूनच दोनच प्रती असलेल्या काही जनुकांचेही काम बदलते.

शिवाय या उंदरात सतराव्या गुणसूत्राचाही तुकडा जादा आहे. त्यावरील जनुकांचा डाउन सिंड्रोमशी संबंध नाही, हे २०११ मध्ये स्पष्ट झाले. तेव्हा त्याच्या मेंदूतला प्रत्येक दोष एकविसाव्या गुणसूत्राच्या माथी मारता येत नाही. उंदीर उपयोगी आहेच. निष्कर्ष मात्र तपासून घ्यावेत.

आपल्या वर्गातही असे मूल असू शकते. त्याला काय जमेल, हे प्रती मोजून ठरत नाही. फळ्यावर 'दीडपट' लिहिताना शेजारी 'सरासरीने' हा शब्द जरूर लिहावा.