उत्प्रेरकांची योजना : दावा आणि प्रत्यय

विषमांगी उत्प्रेरकांची योजना आता केवळ बुद्धीच्या बळावर करता येते, असा दावा अलीकडे वारंवार केला जातो. अमोनियाच्या संश्लेषणाच्या कसोटीवर तो पारखून घेणे इष्ट ठरेल. १९०९ पासून आल्विन मिटाश यांनी जर्मनीत हजारो चाचण्या घेऊन अ‍ॅल्युमिना व पोटॅश यांची जोड दिलेला लोह-उत्प्रेरक हुडकून काढला. त्यामागे सिद्धांतापेक्षा चिकाटीच अधिक होती. लोहाच्या पृष्ठभागावर नत्राचा रेणू दुभंगणे हाच या विक्रियेतील सर्वांत मंद टप्पा होय, हे गेरहार्ड एर्ट्‌ल यांच्या प्रयोगांनी अनेक दशकांनंतर स्पष्ट केले. नत्राला फार घट्ट धरणारे मोलिब्डेनम आणि फार सैल धरणारे कोबाल्ट यांच्या संयोगातून मध्यम बंध साधतो, असे २००१ साली डॅनिश संशोधकांनी गणिताने दाखविले. प्रयोगातही तो उत्प्रेरक कार्यक्षम ठरला. हे यश निर्विवाद आहे. परंतु त्या गणिताने केवळ सक्रियता वर्तविली. उत्प्रेरकाचे आयुष्य, विषबाधा सोसण्याची शक्ती आणि मोल यांविषयी ते मौनच राहिले. कारखान्यांत आजही प्रामुख्याने लोहच वापरले जाते. गणिताने चाचण्यांचे क्षेत्र आटोपशीर केले, एवढे म्हणणे न्याय्य होईल. चाचणीची गरजच सरली, हे विधान मात्र पुराव्याच्या पुढे जाते.