चोवीस विरुद्ध पाच : मोतीबिंदूच्या एका गाजलेल्या चाचणीचं वाचन

पीएचडीच्या मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न : ‘नुकताच वाचलेला एखादा पेपर सांगा आणि त्यातल्या मर्यादा सांगा.’ आपण काय करतो? ‘सॅम्पल साइज लहान होता’ म्हणतो आणि मोकळे होतो. आज असा पेपर घेऊ जिथे ही पळवाट चालत नाही. यात सोळा हजारांवर रुग्ण आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये गढूळ झालेलं भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. बहुतेकांना काही त्रास होत नाही. पण क्वचित, ऑपरेशननंतर काही दिवसांत, डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होतो. त्याला एंडॉफ्थॅल्मायटिस म्हणतात. जंतू बहुधा रुग्णाच्याच पापणीवरचे किंवा डोळ्याच्या पृष्ठभागावरचे असतात. उपचार वेळेत झाले तरी दृष्टी जाऊ शकते. म्हणजे बरं व्हायला आलेला माणूस होती ती नजरही गमावून बसतो.

हे टाळायला ऑपरेशन संपताना डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात थेट अँटिबायोटिक सोडायचं, ही कल्पना. स्वीडनमध्ये १९९०च्या दशकापासून सेफ्युरॉक्झिम असं वापरत होते, पण रँडमाइज्ड पुरावा नव्हता. तो युरोपातल्या मोतीबिंदू सर्जनांच्या संघटनेने, म्हणजे ईएससीआरएसने, उभा केला. २००३ मध्ये सुरू झालेल्या या चाचणीचा अंतिम अहवाल २००७ मध्ये आला.

रचना सुबक आहे. चार गट : पहिल्याला औषध नसलेले थेंब, दुसऱ्याला तेच थेंब आणि सेफ्युरॉक्झिमचं इंजेक्शन (१ मिलिग्रॅम), तिसऱ्याला लेव्होफ्लॉक्सॅसिनचे थेंब, चौथ्याला हे थेंब आणि इंजेक्शन दोन्ही. म्हणजे एकाच चाचणीत दोन प्रश्न. इंजेक्शन न मिळालेल्या सुमारे ८,१०० जणांत संसर्ग झाला २४ जणांना. मिळालेल्या तेवढ्याच जणांत ५ जणांना. जवळजवळ पाचपट फरक.

मी हा पेपर जर्नल क्लबमध्ये मांडला तेव्हा ठासून म्हणाले होते, “सोळा हजार रुग्ण आहेत, निष्कर्ष भक्कम आहे.” मागून एका सीनियरने विचारलं, “रुग्ण सोळा हजार, पण घटना किती?” मी गप्प.

घटना २९. या चाचणीचं खरं सॅम्पल तेवढंच. दुर्मिळ गुंतागुंत मोजताना संख्याशास्त्राला बळ देतात त्या घटना, रांगेत उभे असलेले रुग्ण नव्हेत. समजा, योगायोगाने तीन रुग्ण इकडचे तिकडे झाले असते. मग आकडा २१ विरुद्ध ८ झाला असता, आणि ‘पाचपट’चं ‘अडीचपट’. इंजेक्शन उपयोगी आहे हा निष्कर्ष तेव्हाही टिकला असता, पण किती उपयोगी हा आकडा डळमळला असता.

त्यात भर म्हणजे चाचणी मध्येच थांबवली. अंतरिम विश्लेषणात फायदा स्पष्ट दिसल्यावर २००६च्या सुरुवातीला नवे रुग्ण घेणं बंद केलं. तेव्हा ठरवलेल्या संख्येच्या साधारण निम्मेच झाले होते. नैतिकदृष्ट्या हे बरोबरच होतं. पण आकडा उंच दिसतो त्या क्षणी थांबलेली चाचणी परिणाम थोडा फुगवून दाखवण्याची शक्यता असते. ‘पाचपट’ उद्धृत करताना ही तळटीप कुणी सोबत देत नाही.

दुसरी मर्यादा : इंजेक्शन न मिळणाऱ्या गटांना खोटं इंजेक्शन दिलं नव्हतं, त्यामुळे सर्जनला गट माहीत होता. हा आक्षेप रास्त आहे, पण पेपरकडे त्याचं उत्तरही आहे. प्रयोगशाळेत सिद्ध झालेले २० संसर्गच मोजले तरी प्रमाण १७ विरुद्ध ३ येतं. तपासनळीला गट माहीत नसतो. टीका करताना पेपरच्या बाजूने हेही सांगायला हवं. नुसती खोट काढणं म्हणजे समीक्षा नव्हे.

तिसरी गोष्ट बारकाईने वाचल्यावरच दिसते. याच पेपरमध्ये असंही आहे की पारपटलातून छेद घेतला तर धोका श्वेतपटलातल्या छेदापेक्षा जवळजवळ सहापट होता. हे वाक्य इंजेक्शनच्या निष्कर्षाशेजारी बसतं आणि तितकंच पक्कं वाटतं. पण छेद कुठे घ्यायचा हे चिठ्ठी टाकून ठरलं नव्हतं. सर्जनने आपल्या सवयीने ठरवलं होतं. म्हणजे एकाच पेपरमध्ये दोन प्रतींचा पुरावा आहे, आणि गाळणी आपणच लावायची असते.

आता आपल्याकडे येऊ. तमिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयांच्या समूहाने २०१७ मध्ये सहा लाखांवर ऑपरेशनांचं विश्लेषण मांडलं. तिथे सेफ्युरॉक्झिमऐवजी मॉक्सिफ्लॉक्सॅसिन वापरलं. इंजेक्शनशिवाय ३,०२,८१५ डोळ्यांत २१४ संसर्ग. इंजेक्शनसह ३,१४,६३८ डोळ्यांत ६४. घटना आता भरपूर आहेत. पण रँडमायझेशन नाही. आधीचा काळ आणि नंतरचा काळ अशी तुलना आहे. मधल्या वर्षांत दुसरं काही सुधारलं असेल तर त्याचं श्रेयही औषधाच्या खात्यात जमा होतं. सहा लाखांचा आकडा योगायोग पुसतो, पक्षपात पुसत नाही.

मग रँडमाइज्ड चाचणी का नाही केली? हिशेब करून बघा. ०.०७ टक्के विरुद्ध ०.०२ टक्के हा फरक ८० टक्के पॉवरने पकडायचा तर प्रत्येक गटात साधारण २८ हजार रुग्ण लागतात. आणि त्यातल्या निम्म्या लोकांना, फायदा असण्याची दाट शक्यता माहीत असताना, औषध नाकारायचं. अरविंदच्या लेखकांना दोष देण्याआधी हे गणित समोर ठेवावं.

माझ्या मते खरा मुद्दा पुढे आहे. युरोपातल्या चाचणीत प्रमाण जवळजवळ पाचपटीने घटलं, अरविंदमध्ये साडेतीनपटीने. ऐकायला सारखंच वाटतं. पण एक संसर्ग टाळायला किती जणांना इंजेक्शन द्यावं लागलं? युरोपात साधारण ४३०, अरविंदमध्ये साधारण २,०००. कारण अरविंदचं मूळ प्रमाणच कमी होतं.

हा फरक कागदावरचा नाही. इंजेक्शनलाही स्वतःचा धोका असतो. तयार मात्रा नसेल तर सेफ्युरॉक्झिमची पूड ऑपरेशन थिएटरमध्येच पातळ करावी लागते. त्यात चूक होऊन जास्त मात्रा गेल्याने दृष्टिपटलाला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. व्हॅन्कोमायसिन असंच वापरल्यावर काही रुग्णांच्या दृष्टिपटलातल्या रक्तवाहिन्यांना गंभीर दाह झाला, हे पुढे लक्षात आलं. ४३० जणांमागे एक डोळा वाचत असेल तर हजारात एकाला होणारी तितकीच गंभीर इजा परवडते, असं कुणी म्हणू शकेल. दोन हजारांमागे एक वाचत असेल तर तीच इजा वाचवलेल्यापेक्षा जास्त डोळे घालवते. औषध तेच, पटही जवळपास तीच, आणि निर्णय उलटा.

म्हणून हे दोन पेपर एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून वाचू नका. एकाने कारण दाखवलं, दुसऱ्याने रोजच्या गर्दीत ते टिकतं हे दाखवलं. दोन्ही मिळून माझी खात्री पटते की ही पद्धत वापरावी, पण तयार, मोजलेल्या मात्रेसह आणि दुष्परिणामांचीही तितकीच काटेकोर नोंद ठेवून.

आणि मुलाखतीत तो प्रश्न आलाच, तर ‘सॅम्पल लहान होता’ म्हणण्याआधी तीन गोष्टी शोधा : घटना किती, चिठ्ठी नेमकी कशासाठी टाकली होती, आणि ‘पट’ सोडून प्रत्यक्ष फरक किती. मला त्या जर्नल क्लबमध्ये पहिलीच आली नव्हती.