पूर्वजांचा पत्ता

परदेशात वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या मराठी माणसाला दोन छंद हमखास जडतात. एक म्हणजे खिडकीतल्या कुंडीत कढीपत्ता जगवणे आणि दुसरा म्हणजे घराण्याचा इतिहास शोधणे. पहिल्याची चर्चा आपल्या प्रत्येक कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत होतेच. दुसऱ्याचे मात्र कौतुक फार होते आणि तपासणी कमी. म्हणून यंदा थोडे टीकेच्या अंगाने लिहितो.

हल्ली हा शोध इंटरनेटवर सुरू होतो आणि फिरत फिरत कबरींच्या संकेतस्थळांपाशी पोचतो. ‘फाइंड अ ग्रेव्ह’ हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. जिम टिप्टन या अमेरिकन गृहस्थांनी ते १९९५ साली नामवंतांच्या थडग्यांची नोंद म्हणून सुरू केले आणि २०१३ मध्ये ते अ‍ॅन्सेस्ट्री कंपनीने घेतले. इथे प्रत्येक मृत व्यक्तीला एक पान मिळते. त्यावर नाव, जन्ममृत्यूच्या तारखा, दफनभूमी, दगडाचा फोटो आणि नातेवाइकांच्या पानांचे दुवे असतात. वर एक चित्रातले फूलही वाहता येते. पान ज्याने तयार केले त्याच्याकडे त्याची देखभाल असते, मग तो नात्यातला असो वा नसो.

या प्रकाराला नाके मुरडण्याआधी आपण राहतो त्या गावाकडे पाहू. इथे नवीन आलेल्या आपल्या मंडळींना एका गोष्टीचा धक्का बसतो. जर्मनीत कबरीची जागा कायमची नसते, ती मुदतीने मिळते. आपल्या नीडरझाक्सन राज्यात कायद्याने किमान २० वर्षे. मुदत संपली आणि कुणी पैसे भरून ती वाढवली नाही, तर दगड उचलला जातो आणि जागा दुसऱ्याला मिळते. ब्राउनश्वाइगच्या माग्नी दफनभूमीत लेसिंग या नाटककाराची कबर आहे, मुख्य दफनभूमीत कादंबरीकार राबे आहेत, गणिती डेडेकिंड आहेत. त्यांना गाव जपते. त्याच गावात चाळीस वर्षे पाव भाजलेल्या माणसाचा दगड मात्र नातवंडे हॅम्बुर्गला गेली की जातो. जर्मनीतल्या संगणकीय वंशशास्त्राच्या संस्थेचे स्वयंसेवक गावोगावी फिरून असे दगड जाण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवतात. हे काम मला मनापासून आवडते. त्यात फुले नाहीत, कविता नाहीत. जे दगडावर आहे, ते आणि तेवढेच.

माझी पहिली तक्रार इथूनच सुरू होते. दगडावर जे नाही तेही संकेतस्थळावरच्या पानांत ठोकून दिलेले असते, विशेषतः तारखा. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतले निम्मे लोक १ जूनला जन्मलेले दिसतात. याचे कारण आपल्याला ठाऊक आहे: शाळेत नाव घालताना मास्तरांनी सोयीची तारीख लिहिली. घरात खरी आठवण वेगळीच असते. ‘नागपंचमीच्या आदल्या दिवशी, प्लेगच्या साली.’ पण पुण्यात प्लेग १८९६च्या अखेरीस आला आणि पुढे कित्येक वर्षे येतच राहिला. मग कोणते साल धरायचे?

अशा आठवणींना अडाणी म्हणून हसणाऱ्यांना मी आपल्याच गावची गोष्ट सांगतो. गाउस इथेच जन्मला. त्याच्या आईला लिहिता येत नव्हते. मुलगा बुधवारी, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधी आठ दिवस झाला, एवढेच तिच्या लक्षात होते. तो सण ईस्टरवरून ठरतो आणि ईस्टरची तारीख दर वर्षी बदलते. गाउसने पुढे ईस्टर काढण्याचे सूत्रच शोधले. त्याची जन्मतारीख ३० एप्रिल १७७७. म्हणजे त्या माउलीची आठवण बरोबर होती, ती वाचणारा मात्र जाणता हवा होता. आपल्याकडे हेच काम जंत्री करते. शके, महिना आणि तिथी हाती असेल, त्या वर्षीचा अधिक मास विसरला नाही, तर तारीख निघते. न निघाली तर पानावर आजीचे शब्दच लिहावेत. १ जून लिहू नये.

छापील अक्षरावर तरी किती विसंबायचे? डेडेकिंड ४ सप्टेंबर १८९९ रोजी वारले, असे गणित्यांच्या एका छापील कॅलेंडरात आले होते. त्यांनी कळवले की दिवस कदाचित बरोबर ठरेल, पण साल नक्की चुकले आहे. त्या दिवशी आपण कॅन्टर या मित्राशी गप्पा मारत होतो. ते वारले १९१६ मध्ये. तेव्हा निदान माणूस स्वतः दुरुस्ती करायला हयात होता. आपल्या खापरपणज्यांना ती सोय नाही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे आणि ती स्त्रियांच्या नावांबद्दल आहे. उदाहरण आपल्या सर्वांना परिचित असलेल्या डॉ. आनंदीबाई जोशींचे घेतो. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेल्या. त्यांची रक्षा अमेरिकेतल्या मिसेस कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यात पकीप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ती पुरली गेली. तिथे दगड आहे आणि अमेरिकेतली मराठी कुटुंबे आवर्जून तिथे जातात. आता नेटवरचा ठरावीक फॉर्म घ्या. दगडावर ‘आनंदाबाई’ आहे आणि आडनावाच्या स्पेलिंगात शेवटी दोन ‘ई’ आहेत, म्हणून नेहमीच्या स्पेलिंगने शोधणारा चुकू शकतो. माहेरच्या आडनावाच्या रकान्यात पुन्हा जोशीच येणार, कारण माहेरही जोश्यांचेच. आणि कल्याणला १८६५ साली जन्मलेल्या मुलीचे नाव यमुना होते, ते कुठे लिहायचे? लग्नात बाईचे पहिले नावसुद्धा बदलते, हे फॉर्म करणाऱ्याच्या स्वप्नातही आलेले नाही.

पण दोष फक्त परक्यांचा नाही. आपल्या कुलवृत्तांतांचा मला अभिमान आहे. केवढ्या कष्टाने, पोस्टकार्डे पाठवून लोकांनी ते जमवले! चांगल्या कुलवृत्तांतात सुनांचे माहेर दिलेले असते. पण वंशवृक्षाचा तक्ता उघडा: मुलगे, मुलग्यांचे मुलगे, त्यांचे मुलगे. शिवाय ज्या घरांत लिहिणे आणि छापण्याचा पैसा होता, त्यांचेच ग्रंथ झाले. कोल्हापूर-सांगली भागातल्या कितीतरी शेतकरी घरांच्या पिढ्या दारोदार येणाऱ्या हेळव्यांच्या तोंडी आणि पोथ्यांत आहेत. त्यांना कुणी कुलवृत्तांत म्हणत नाही.

तिसरा मुद्दा आपल्या अस्थींचा. इथे अस्थिकलश घरी ठेवता येत नाही. तो दफनभूमीत तरी जातो, नाहीतर कागदपत्रे करून नाशिकला. त्या संकेतस्थळावर दफन नसलेल्यांसाठी वेगळी सोय आहे, पण त्यात रामकुंड आणि अटलांटिक समुद्र एकाच गाठोड्यात पडतात. कॅसिनोच्या स्मारकावर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी यशवंत घाडगे यांचे नाव आहे. १९४४ साली इटलीत पडलेल्या या मराठा जवानाची कबर कुठेच नाही. त्यांना निदान दगडावर नाव मिळाले. आपल्या बहुतेक पूर्वजांचा शेवटचा पत्ता म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वहीतली एक ओळ: गाव, आडनाव, कोण गेले, कोण घेऊन आले आणि खाली सही. टीकाकार म्हणून सांगतो, पुरावा म्हणून ही ओळ कित्येक वेबपानांपेक्षा सरस आहे, कारण ती कुणी लिहवली हे तिच्यातच आहे.

मग नेटवर पाने करू नयेत का? जरूर करावीत. आमची मुले जर्मनीत वाढली, नातवंडे मोडी सोडाच, देवनागरीही अडखळत वाचतील. नाशिकची वही त्यांच्या हाती लागणे कठीण, पान लागेल. मात्र पान करणाऱ्याने प्रत्येक माहिती कुठून मिळाली ते लिहावे, हयात माणसांची नावे घालू नयेत आणि वहीतल्या नोंदीचा फोटो परवानगीने घेऊन ठेवावा.

आणि सर्वांत आधी फोन करावा. आमच्या कुलवृत्तांतात माझ्या आजीचे नाव ‘सौ. रमाबाई’ एवढेच आहे. गेल्या वर्षी आत्याला विचारले, “अगं आत्या, आजीचं लग्नाआधीचं नाव काय होतं?” ती म्हणाली, “द्वारका. माहेरी सगळे द्वारकीच म्हणायचे. पण तुला आजच बरं सुचलं रे विचारायला?” आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. हे नाव ठाऊक असलेले दुसरे कुणी आता उरलेले नाही आणि ते कुठल्याही दगडावर, वहीत किंवा संगणकावर नव्हते.

मंडळाला माझी एक सूचना आहे. येत्या गणेशोत्सवात प्रत्येक कुटुंबाने एक कागद आणावा. त्यावर घरातल्या चार बायकांची पाळण्यातली नावे, माहेरची गावे आणि ती कुणी सांगितली ते लिहावे. नेटवर चढवण्याचे काम मुले हौसेने करतील. कागद भरण्यासाठीचे फोन मात्र आपणच करायचे आहेत, आणि तेही तिकडची सगळी मंडळी फोन उचलायला आहेत तोवर.